ताराचा डावा हात

१२ फेब्रुवारी, बुधवार

शिल्पानं नांदेडहून फोनवर बजावलं, "पप्पा, सगळं लिहून ठेवत जा. बीपी, गोळ्या, काय खाल्लं, संडास झाली का. डॉक्टरनं विचारलं की तुम्ही अंदाजानं ठोकून देता." पोरगी नर्स आहे, तिच्यापुढं काय बोलायचं. म्हणून ही वही. एसटीतून कंडक्टर म्हणून रिटायर झालो तेव्हा मिळालेली डायरी, दोन वर्षं कोरीच पडली होती. वार जुळत नाहीत, खोडून लिहितोय.

पेशंट: तारामती, माझी बायको, वय सत्तावन्न. चोवीस जानेवारीला लकवा मारला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. कान, डोळे आणि डावा हात शाबूत. लातूरला नऊ दिवस काढून उदगीरला घरी आणलं. डॉक्टर म्हणाले, बोलणं यायचं असलं तर बहुतेक पहिल्या तीन महिन्यांत येतं, पुढं अवघड. म्हणजे चोवीस एप्रिल. एकाहत्तर दिवस राहिले.

बीपी १५०/९०. गोळ्या पाच. मऊ भात, वरण, अर्धं केळ. संडास नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार

उपासना संपवून चर्चची मंडळी घरी आली. गाणं म्हटलं, प्रार्थना केली. ताराच्या डोळ्यांतून पाणी आलं, तोंडातून नुसता आवाज. जाताना पास्टरसाहेब मला बाजूला घेऊन म्हणाले, "भुजंगराव, इतके दिवस या घरातली प्रार्थना बाईंनी चालवली. आता जिम्मा तुमच्यावर. देवाच्या सान्निध्यात राहायचं. उठता-बसता, भांडी घासताना सुद्धा."

मी हाव म्हणालो. आता खरं लिहायचं तर मला प्रार्थना येत नाही. बापानं माझं नाव भुजंग ठेवलं, बाप्तिस्मा नंतर घेतला, नाव बदलायचं राहून गेलं. संडेस्कूलमधली पोरं मला एदेन बागेतला साप म्हणायची. तेव्हापासून चर्चमध्ये शेवटच्या बाकावर, दाराजवळ बसतो. कंडक्टरची जागा तीच. बाकीचं सगळं ताराच्या हवाली.

ती दिवसभर पुटपुटायची. भाकरी थापताना, कपडे पिळताना, गहू निवडताना. कुणाशी बोलतीस म्हणून विचारलं तर वर बोट करायची नाही, शेजारी करायची. जसं काही तिथं पाटावर कुणी बसलंय आणि चहाची वाट बघतंय.

गल्लीतल्या बायका ताराकडं प्रार्थना करून घ्यायला अजून येतात. उमाबाईची नात लातूरला नीटच्या परीक्षेची तयारी करून राहिली. आज उमाबाई दारातच म्हणाली, "ताराबाईंला बोलता येईना तर तुमी सांगा की त्यांच्या देवाला." आता मी काय सांगू, आणि कोणत्या तोंडानं.

बीपी लिहायचं राहिलं.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

हे पान शिल्पाला दाखवायचं नाही.

चोवीस जानेवारीला सकाळी नऊच्या सुमारास शिल्पाचा फोन आला होता. मी स्पीकर लावला. तारा स्टोपाशी उभी, दुधावर लक्ष नाही, तिचं पुटपुटणं चालूच. मला शिल्पाचं काही ऐकू येईना. मी ओरडलो, "तोंड बंद कर की गं एकदाचं. तुझ्या देवाला कान असतील, मला शिल्पाचं ऐकू येईना." ती गप्प झाली. मी फोन आत नेला. अर्ध्या तासानं दूध उतू गेल्याचा वास आला म्हणून बाहेर आलो तर ती खाली पडलेली. तोंड वाकडं, आणि बंद.

पन्नास वर्षं चर्चला जातोय. कधी काही मागितलं नाही, कारण कुणी ऐकतंय असं वाटलंच नाही. आणि ऐकलं तर हे ऐकलं. एवढं एकच. लगेच.

म्हणून मला चोवीस एप्रिलच्या आत तिची वाचा पाहिजे. तिनं मला दोन शिव्या दिल्या तरी चालतील. ती अशीच गेली तर तिच्या कानात शेवटचं माझं तेच वाक्य राहणार.

तिला सगळं कळतं असं डॉक्टर म्हणतात. माफी मागायला रोज खाटेजवळ जातो आणि गोळी देऊन परत येतो.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

बीपी १४६/९०. संडास झाली.

एक नवीन गोष्ट. सकाळी सहाला तारा डावा हात चादरीवर काढते आणि तळहात वर करून उघडा ठेवते. डोळे मिटलेले. चार दिवस बघतोय. मला वाटलं पाणी पाहिजे. फुलपात्र दिलं, तिनं ते बाजूला सारलं. आज बिस्कीट ठेवलं, टाकून दिलं. गोळी ठेवली, ती खाटेखाली गेली, अर्धा तास शोधत होतो.

एकतीस वर्षं उदगीर-नांदेड गाडीवर काढली, जळकोट, कंधार, लोहा मार्गे. माझ्यापुढं हात पसरला की त्याचा अर्थ एकच, सुट्टे द्या. म्हणून परवा पाचचं नाणं सुद्धा ठेवून बघितलं. तिनं डोळे उघडून माझ्याकडं असं बघितलं की मी नाणं उचलून खिशात टाकलं आणि बाहेर जाऊन उभा राहिलो.

सकाळी सहाला ती काय करायची ते मला ठाऊकच नाही. नोकरीत पहिल्या गाडीला मी पावणेसहालाच घर सोडायचो. दाराबाहेर पाय पडला की ती चौकटीवर दोनदा टक टक करायची. कंडक्टरची घंटी एकदा वाजली की गाडी थांबवायची, दोनदा वाजली की सोडायची, हे तिला लग्नानंतर आठ दिवसांत मीच शिकवलं होतं. रिटायर झाल्यावरही पाय थांबेनात, पाचलाच उठून स्टँडवर चहाला जायचो. ती मागून टक टक करायचीच. पुढं तिची सकाळ कशी जायची कधी विचारलं नाही.

२६ फेब्रुवारी, बुधवार

महाशिवरात्र. शेजारच्या शिवकांताअक्काचा उपास, तरी ताराला साबुदाण्याची खीर घेऊन आली. ते लिंगायत, बाजारात किराणा दुकान. तीस वर्षांचा शेजार.

आज सकाळी मोरीवर पाणी काढताना मधल्या भिंतीवरून नजर गेली. अक्का अंघोळ करून, कपाळाला भस्म लावून ओट्यावर बसली होती. गळ्यातलं लिंग काढून डाव्या तळहातावर ठेवलं होतं. हात असाच, उघडा, वर. डोळे अर्धे मिटलेले. वेळ सहाची.

मी बादली तशीच ठेवून आत आलो. ताराचा हात चादरीवर, तसाच.

माझं डोकंच चालेना. हिला अक्कानं काही शिकवलंय का. माझी बायको, चर्चच्या महिला मंडळाची सेक्रेटरी, रोज सकाळी लिंगायतांसारखी पूजा करून राहिली की काय. पास्टरसाहेबांना विचारावं तर गावभर होईल. अक्काला विचारावं तर वाईट वाटेल, खीर तर तिनंच आणलीय. कुणालाच विचारलं नाही. खीर ताराला दिली, उरलेली मी खाल्ली.

५ मार्च, बुधवार

आजपासून चर्चमध्ये ईस्टरपर्यंतचा उपवासकाळ. पास्टरसाहेबांना म्हणालो, मला प्रार्थना जमत नाही, बसलो की जागीच झोप लागते. ते म्हणाले, "तुम्हाला सवय आहे त्या रीतीनं करा."

माझी रीत म्हणजे थांबे. मोबाईलमध्ये गजर लावले. सहाला उदगीर, नऊला जळकोट, बाराला कंधार, तीनला लोहा, संध्याकाळी सहाला नांदेड. गजर झाला की हातातलं काम सोडायचं, उभं राहायचं, चढणाऱ्यांची नावं घ्यायची. तारा. शिल्पा. उमाबाईची नात. मग चौकटीवर दोनदा टक टक आणि गाडी पुढं.

उदगीर: केलं. काही नाही.
जळकोट: केलं. काही नाही.
कंधार: वरण चुलीवर होतं, गजर बंद केला, थांबा चुकला.
लोहा: झोपलो.
नांदेड: केलं. टक टक केली तेव्हा ताराचे डोळे दाराकडं गेले. बाकी काही नाही.

बीपी १४०/८६. वरण करपलं. तुला दिसत होतं तर सांगायचं होतं.

हे वरचं कुणाला लिहिलं काय की. ही बीपीची वही आहे.

१५ मार्च, शनिवार

होळीच्या सुट्टीला जोडून शिल्पा आली. आईचे केस धुतले, नखं कापली. पाठीला जखम नाही बघून म्हणाली, "पप्पा, तुम्ही लई चांगलं करून राहिलात." मला कसंसंच झालं.

चहा पिताना ती म्हणाली, "आईला सगळं कळतं. तुम्हाला तिला काही सांगायचं असलं तर सांगून टाका. मनात ठेवू नका." मी म्हणालो, काय सांगायचं, काही नाही. तिनं कप खाली ठेवला. मग म्हणाली, "त्या दिवशी फोन चालू होता, पप्पा." मी म्हणालो, हो, मग मी आत गेलो ना फोन घेऊन. ती उठून कप विसळायला गेली. ही पोरगी नर्स झाल्यापासून लई कोड्यात बोलते.

जाताना तिनं मला वाकून नमस्कार केला, तसा ती कधी करत नाही.

चाळीस दिवस राहिले.

२३ मार्च, रविवार

गजर बंद केले. अठरा दिवस गाडी चालवली, तू एका थांब्यावर चढला नाहीस. रिकामी गाडी पळवायची पण एक मर्यादा असते.

बीपी १३८/८४. अर्धी भाकरी दुधात कुस्करून खाल्ली. आज "आ" असा आवाज काढला. मी धावत गेलो तर जांभई होती. तुला हसू आलं असंल. मला आलं नाही. थोडं आलं, नंतर.

६ एप्रिल, रविवार

अठरा दिवस राहिले. शेवटी अक्काला विचारलंच. ती ताराला ज्वारीची आंबील घेऊन आली होती.

"अक्का, एक विचारू का. राग मानू नका. ताराला तुम्ही हात धरायची, म्हणजे हातावर लिंग धरायची पूजा शिकवली का?"

अक्का आधी बघतच राहिली. मग पदर तोंडाला लावून हसायला लागली. "अय्यो, अण्णा. मी कशाला शिकवू. तुमी पहाटं गेलात की ही चहाचा ग्लास घेऊन आमच्या ओट्यावर यायची. तीस वर्षं. मी माझी पूजा करायची, ही बाजूला बसून तिची प्रार्थना करायची. हात उघडा ठेवून, माझ्यावानीच. एकदा मी म्हणलं, ताराबाई, माझ्या हातावर माझा देव हाय, तुझा हात तर रिकामा. तर म्हणाली, तुझा देव तुझ्या हातावर बसतो शिवकांता, माझा देव हात धरतो. म्हणून रिकामा ठेवावा लागतो."

अक्का आंबील भरवत म्हणाली, "अजून ठेवती का हात?"

"रोज. मी त्यात बिस्कीट ठेवत होतो."

अक्का परत हसली, आणि हसता हसता डोळे पुसायला लागली.

तीस वर्षं रोज सकाळी माझी बायको भिंतीपलीकडं हात उघडा ठेवून बसली आणि मी कंधारच्या स्टँडवर सुट्ट्यावरून भांडत होतो. उद्यापासून तिच्या हातात काही ठेवणार नाही. तुझी जागा आहे म्हणते ती, तर तूच ये.

१२ एप्रिल, शनिवार

पास्टरसाहेब आले. विचारलं, प्रार्थना चालू आहे ना. मी सरळ सांगून टाकलं, तीन आठवड्यांत एकदाही केली नाही. ते नाराज झाले नाहीत, खांद्यावर हात ठेवून गेले. मला आपलं वाटलं खोटं कशाला बोला. तू साक्षीला आहेस, मी खरंच एकदाही केली नाही. सकाळपासून संध्याकाळपर्यंत तिचं अंग पुसणं, कुशीवर वळवणं, चादरी, भांडी, आणि डोक्यात सारखी तुझ्याशी कटकट. एवढ्यात प्रार्थनेला वेळ कुठून काढू, तूच सांग.

आज भाजीवालीनं विचारलं, "कुणाशी बोलून राहिलात कंडक्टर?" मी म्हणालो, कुणाशी नाही, कोथिंबीर दे.

१८ एप्रिल, शुक्रवार

गुड फ्रायडे. अक्काला ताराजवळ बसवून बारा वाजता चर्चला गेलो. येशूचे वधस्तंभावरचे सात उद्गार, एकेकावर एकेक जण बोलला. 'मला तहान लागली' हा उद्गार आला तेव्हा मला बसवेना. मरणाच्या दारातल्या माणसाला सात वाक्यं दिलीस. माझ्या ताराला एक देता येईना तुला? नुसतं 'पाणी' म्हणायला तरी? मी सगळ्यांसमोर उठून बाहेर आलो. दाराजवळ बसायचा एवढा फायदा.

घरी आलो तर अक्का तिच्या भाषेत काहीतरी हळू म्हणत ताराचे पाय चेपत होती.

मला आता काहीच कळत नाही. माझं ते वाक्य ऐकून तू हिचं तोंड बंद केलंस, असं तीन महिने धरून चाललोय. पण असं करणाऱ्याकडं ही बाई तीस वर्षं हात उघडा ठेवून कशाला बसेल. तिला तू बरा माहीत आहेस, मला नाही. मग आम्हा दोघांतलं चुकीच्या गाडीत कोण बसलंय?

बीपी घ्यायला विसरलो.

२२ एप्रिल, मंगळवार

बीपी १३४/८२. फिजिओवाले म्हणाले, डाव्या हातात जोर चांगला आहे. उजव्याची बोटं कधी कधी आपोआप आवळतात, त्याला हालचाल समजू नका. बोलण्याचं विचारलं तर म्हणाले, बघू. डॉक्टर, फिजिओवाले, शिल्पा, सगळे बघू म्हणतात. तू तेवढंही म्हणत नाहीस.

दोन दिवस.

२४ एप्रिल, गुरुवार

तीन महिने झाले. बोलणं नाही.

पहाटे पाचला उठलो, स्टँडवर गेलो नाही. खाटेजवळ पाट घेऊन बसलो, ती शेजारी बोट दाखवायची त्या जागी. सहाला तिनं हात काढला. उघडला. डोळे मिटले.

मी त्या हाताकडं बघत बसलो. पंधरा मिनिटं तरी बघितलं. कुणी आलं नाही. भिंतीपलीकडं अक्काची घंटी वाजली, तिची पूजा आटोपली. गल्लीतून दूधवाला गेला. हात तसाच. थोडा थरथरत होता, इतका वेळ धरून दुखला असंल.

मला लई राग आला. मी मोठ्यानं म्हणालो, "किती वेळ ताटकळत ठेवतोस बाईला? तू धरत नसशील तर मी धरतो." आणि धरला.

ऊन लागलेल्या भांड्यासारखा गरम होता. मनगटाची नाडी बघतो रोज, पण हात म्हणून हा हात मी कधी धरला होता ते आठवेना. धरला आणि तोंडातून निघूनच गेलं. "तारा, त्या दिवशी मी तोंड बंद कर म्हणालो. ते मनातून नव्हतं. तवापासून रोज तेच माझ्या कानात हाय. तू बोल बाई. न्हाई बोललीस तरी बस. फक्त ते वाक्य मनात ठेवू नको." अजून काय काय म्हणालो ते लिहीत नाही. रडलो, हे लिहितो, म्हणजे पुढं कुणी विचारलं तर अंदाजानं सांगायला नको.

तिनं डोळे उघडले. माझ्याकडं बघितलं, मग माझ्या शेजारी बघितलं, मग परत माझ्याकडं. आणि माझा हात दाबला. सोडला. परत दाबला.

दोनदा.

मी तसाच बसून राहिलो, चहाची वेळ टळून गेली. अक्का भिंतीवरून हाक मारत होती, तिला ओ सुद्धा दिली नाही.

आता नऊ वाजलेत. बीपी १३०/८०. गोळ्या दिल्या. संडास झाली. दुपारी शिल्पाला फोन करून विचारायचं आहे, बोटं आपोआप आवळतात ती फक्त उजव्या हाताची का डाव्याची पण, आणि आपोआप आवळली तर मोजून दोनदाच कशी आवळतात. मला यातलं काही कळत नाही, प्रार्थना तर येतच नाही, हे तुला आता पाठ झालं असंल. पण एकतीस वर्षांत दोनदा वाजल्यावर मी गाडी कधी उभी ठेवली नाही.

उद्या सहाला परत धरतो. तू पण ये.